शिशुवर्गाला 'प्राणी कुटुंबात का राहतात' शिकवायचंय, तेही डायनोसॉर घेऊन. मदत हवी!

बालवाडीतली_माई:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत मोठ्या शिशूला शिकवते. या महिन्याचा विषय आहे 'प्राण्यांची कुटुंबं'. पुस्तकात एकाच पानावर सिंह, हत्ती, अस्वल आणि कासव आहेत. प्रत्येकाचे आई, बाबा आणि दोन बाळं, फोटोग्राफरने "जरा हसा" म्हटल्यासारखे रांगेत उभे. कासवाच्या बाबांना मिशाही आहेत. मुलांनी त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण सध्या वर्गात फक्त डायनोसॉर चालतात. एक जण तर "मी स्पायनोसॉरस आहे, मी भेंडी खात नाही" म्हणून डबा परत नेतो. म्हटलं, मग डायनोसॉरच घेऊ.

विषय काढला आणि लगेच प्रश्न सुरू. "डायनोसॉरचे बाबा कामाला जायचे का?" "त्यांना आजी असायची?" आता काय सांगू? मला चार-पाच वर्षांच्या पोरांना पटेल असं 'का'चं उत्तर हवंय, आणि जे सांगेन ते खरं असायला हवं. कार्टूनमधलं नको. जाणकारांनी आणि पालकांनी, दोघांनीही लिहा.

तळ्यातला_बेडूक:

माणसं कुटुंबात का राहतात हेच मला अजून उलगडलेलं नाही. सध्या मेव्हणे सहकुटुंब मुक्कामाला आहेत. धागा वाचनखुणेत साठवतोय.

शुभदा_क:

+१. आमच्याकडेही हीच साथ आहे. चिरंजीवांना 'पॅरासॉरोलोफस' म्हणता येतं, 'ळ' म्हणता येत नाही.

क्रिटेशियस_कुलकर्णी:

स्पायनोसॉरस मासे खायचा. भेंडीबद्दल तुमचा विद्यार्थी बरोबर बोलतोय.

दगडधोंडे:

माई, विषय माझ्या आवडीचा काढलात. नोकरीभर दगडच फोडले, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सुरुवात मायासोरा या शाकाहारी डायनोसॉरपासून करा. १९७८ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला या दोघांना एका दगड-जीवाश्मांच्या दुकानात काही बारीक हाडं दाखवली गेली. त्यांचा माग काढत ते एका माळावर पोचले, तर तिथे मातीतलं खोलगट घरटं आणि त्यात मीटरभर लांबीची डझनाहून जास्त पिल्लं. आता गंमत बघा. हे पिल्लू अंड्यातून निघायचं तेव्हा हातभर असायचं. म्हणजे ही पिल्लं चांगली दुप्पट वाढली होती, तरी घरट्यातच होती. पायांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नव्हती, पण दात मात्र झिजलेले. पायात जोर नाही आणि दात झिजलेत, म्हणजे खाणं घरपोच येत असणार! पुढच्याच वर्षी दोघांनी या प्राण्याला नाव दिलं.

यावर वाद झाले, तेही सांगून टाकतो. दात अंड्यात असतानाच झिजायला लागतात आणि नुसत्या हाडांच्या टोकांवरून पिल्लू चालत होतं की नाही ते ठरवता येत नाही, असं काहींचं म्हणणं पडलं. बरोबर आहे. पण एवढी वाढलेली पिल्लं एकत्र घरट्यात सापडली, हे त्याने पुसलं जात नाही.

वर्गात हे दाखवायला सोपं आहे. मैदानात खडूने ९ मीटरची रेघ ओढा, ती पूर्ण वाढलेली मायासोरा. तिच्या टोकाशी हातभर रेघ, ते पिल्लू. मग पोरांना एवढंच विचारा, "याला एकट्याला सोडायचं का?"

आता आपल्या शेजारचं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. २०२३ मध्ये त्यावरचा लेख आला. घरटी इतकी खेटून की आई परत आली असती तर तिच्याच पायाखाली अंडी फुटली असती. त्यामुळे अंडी घालून, पुरून, त्या निघून जात असाव्यात असा अंदाज आहे. तेव्हा 'डायनोसॉर कुटुंबात राहायचे' हे वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहू नका. काही राहायचे.

अस्मिता_जो:

काका, माहितीला दंडवत, पण चार वर्षांच्या मुलांना "आई अंडी घालून निघून गेली" असं सांगायचं? माझी लेक शाळेच्या दारात रोज माझी ओढणी धरून उभी असते. तिने हे ऐकलं तर दुसऱ्या दिवशी ती गेटच्या आत जायची नाही. मला वाटतं मायासोराच पुरे. धार मोठ्या वर्गांना.

कोकणातला_काजू:

अस्मिताताई, मी जरा वेगळं सांगतो. वेळासला कासवं बघायला शाळांच्या सहली येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केलं, आता गावच्या गाव त्यात आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू ओढते आणि मग त्या वाळूवर अंग आपटून-आपटून ती दाबते. झालं, परत पाण्यात. पुढे साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात.

पोरं हमखास विचारतात, "यांची आई कुठाय?" मी सांगतो, तिने खड्डा केला, वाळू दाबली, तिचं काम झालं. पिल्लांना चालायला येतं, पोहायला येतं, शिकवायला कोणी लागत नाही. ऐकून पोरं "बरं" म्हणतात आणि शिंपले वेचायला जातात. डोळे पुसतात ती बरोबर आलेली मोठी माणसं.

आणि माई, पुस्तकातल्या त्या मिशीवाल्या बाबांना सांगा, तुमच्या जातीचे नर किनाऱ्यावर चढतच नाहीत.

संस्कार_दीप:

मुलांना इतक्या खोलात नेण्याची गरज आहे का? बघा मुलांनो, प्राणीसुद्धा एकत्र राहतात, आईवडिलांचं ऐकतात, वाटून खातात. एवढं पोचलं तरी खूप झालं. आजच्या विभक्त कुटुंबांच्या काळात तर याची जास्तच गरज आहे.

निशाचर_घुबड:

वाघिणीचं काय करायचं मग? बछडे दोनेक वर्षं वाढवते आणि त्यानंतर त्यांना आपापला इलाका शोधायला लागतो. तो संस्कार कुठल्या पानावर घ्यायचा?

तळ्यातला_बेडूक:

आमचा बछडा सत्तावीसचा आहे. इलाका शोध म्हटलं तर म्हणतो, डिपॉझिट तुम्ही भरा.

संस्कार_दीप:

हसा. पण हत्तीचं बघा. कळपात सगळ्यात वयस्क मादी पुढे असते, पाणी कुठे आहे हे तिला ठाऊक असतं आणि सगळे तिच्या मागून जातात. आजीचं ऐकणंच झालं ना हे?

निशाचर_घुबड:

हे मात्र मान्य. माईंच्या 'आजी'च्या प्रश्नाला हत्ती फिट आहे. आजीला पाणी माहीत आहे म्हणून सगळे तिच्यामागे जातात, कारणासकट सांगता येतं. पण डायनोसॉरला आजी होती, असं हाडांवरून कोणी दाखवलेलं नाही. ते पोरांना तसंच सांगावं.

केतकी_साने_नव्हे:

पुस्तकातल्या त्या पानाबद्दल बोलायचंय. माझ्या लेकीला शाळेत 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला दिलं होतं. तिने मी, ती आणि आमची मांजर काढली. मांजरीला टिकलीसुद्धा लावली. वहीवर लाल शाईत "बाबा?" असा शेरा आला. घरी येऊन तिने खोडरबराने तो शेरा पुसायचा प्रयत्न केला, शाई पसरली, कागद फाटला. घरात आम्ही दोघीच असतो, आणि आमचं बरं चाललंय.

म्हणून मला 'काही असे राहायचे, काही तसे' हे फार महत्त्वाचं वाटतं. पक्ष्यांमध्येच किती तऱ्हा आहेत. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. कमळपक्ष्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बाबाकडे, आई अंडी घालून दुसरीकडे. लांडग्यांत मोठी भावंडं धाकट्यांना भरवतात. वाघीण एकटी वाढवते. एवढ्या सगळ्यांत वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपलं घर कुठेतरी सापडतंच. आई-बाबा-दोन बाळं हे एकच चित्र लावलं की काही मुलं त्या दिवशी गप्प बसतात, आणि बाईंना वाटतं त्यांना विषय कळला नाही.

शुभदा_क:

केतकी, अगदी. मांजरीची टिकली आवडली.

बालवाडीतली_माई:

केतकी, बरं झालं लिहिलंस. माझ्या वर्गातही आजी-आजोबांकडे राहणारी मुलं आहेत, एकीचे बाबा सैन्यात आहेत आणि बरेच महिने घरी नसतात. ते पान मी आता उघडणारच नाही. आणि संस्कार_दीप, राग नसावा, पण 'ऐकणे' हा धडा मी इतर वेळी दिवसभर घेतेच!

क्रिटेशियस_कुलकर्णी:

माझ्याकडून ओव्हिरॅप्टर घ्या. पोरांना हमखास आवडतो, कारण त्यात चोर आहे.

१९२३ साली रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात, अंड्यांच्या ढिगाऱ्याजवळ एका डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. अंडी प्रोटोसेराटॉप्सची असावीत असं धरलं गेलं, कारण तो प्राणी तिथे ढिगाने सापडत होता. मग हा चोचवाला तिथे काय करत होता? चोरीच करत असणार! १९२४ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ ऑस्बोर्न यांनी त्याचं नावच 'अंडीचोर' अशा अर्थाचं ठेवलं. पुढे १९९३ मध्ये गोबीतच तसल्याच अंड्यात एक न जन्मलेलं पिल्लू मिळालं, आणि ते निघालं या 'चोरा'च्याच कुळातलं. नंतर याच कुळातले सिटीपाटी घरट्यावर बसलेल्या स्थितीत सापडले, पुढचे पाय अंड्यांभोवती पसरून, खुडूक कोंबडी बसते तसे. वाळूखाली गाडले गेले, पण उठले नाहीत.

वर्गात आधी फक्त चित्र दाखवा, सांगाडा आणि अंडी. "चोर की आई?" असं मतदान घ्या. मग अंड्यातलं पिल्लू दाखवा आणि परत मत घ्या. कुटुंबाचा धडा होतो, आणि शास्त्रज्ञ मत कसं बदलतात तेही होऊन जातं.

अस्मिता_जो:

मतदान घरी करून पाहिलं. लेकीने आधी "चोर" सांगितलं आणि नंतर त्याला सॉरी म्हटलं. धारलाही माझा आता तितका विरोध नाही, काजूंच्या 'काम झालं' पद्धतीने सांगितलं तर.

तळ्यातला_बेडूक:

मग नाव बदललं का शेवटी?

क्रिटेशियस_कुलकर्णी:

नाही. आधी दिलेलं नाव कायम, असा नियम आहे.

तळ्यातला_बेडूक:

म्हणजे सातबाऱ्यावरचीच चूक ही. तलाठी बदलले तरी जात नाही.

निशाचर_घुबड:

अवांतर: अंड्यांवर बसलेली ती 'आई'च कशावरून? अंड्यांचा एकूण पसारा आणि बसणाऱ्याचा आकार यांचा मेळ आजच्या पक्ष्यांशी लावून २००८ मध्ये असं सुचवलं गेलं की या कुळात आणि ट्रूडॉन नावाच्या दुसऱ्या एका डायनोसॉरमध्ये बाबाच उबवत असावेत. शहामृगातही नर बसतो. यावर अजून एकमत नाही, पण शक्यता आहे.

बालवाडीतली_माई:

वा! म्हणजे "डायनोसॉरचे बाबा कामाला जायचे का?" याला "काही जण घरी बसून अंडी उबवत असावेत" असं सांगता येईल. आमच्या वर्गातल्या एका बाबांचं वर्क फ्रॉम होम आहे, तो मुलगा खूष होईल.

वऱ्हाडी_ठेचा:

काहो, तुम्ही सारे मोंटाना-मंगोलिया फिरून आले, आमच्या चंद्रपूरचं कोणी नावच नाही घेऊन राह्यलं! वरोऱ्याकडे पिसदुरा आहे, डोंगरगाव आहे. डोंगरगावच्या हाडांवरून आयसीसॉरस हा डायनोसॉर ठरला. अन् पिसदुऱ्याला डायनोसॉरची शी सापडते, पार दगड झालेली. तिच्यात गवताचे अंश निघाले, २००५ मध्ये गाजलं होतं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे त्या शीनंच सांगितलं. माईसायेब, कुटुंब-बिटुंब राहू द्या बाजूला, 'शी' म्हणा फक्त, वर्ग तुमच्या हातात.

बालवाडीतली_माई:

ठेचा, 'शी' म्हटल्यावर वर्ग हातातून जातो हो, येत नाही! पण नोंद घेतली आहे.

दगडधोंडे:

ठेचाभाऊ मनातलं बोलले. आणि धारची एक गोष्ट राहिली होती. तिथल्या पाडल्या गावात शेतात सापडणारे गोल दगड लोक 'काकड भैरव' म्हणून पूजत असत, शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा देव म्हणून. तपासणी झाली तेव्हा ती टायटॅनोसॉरची अंडी निघाली.

शुभदा_क:

म्हणजे आई सोडून गेली, आणि नारळ फोडायला गाव आलं.

दगडधोंडे:

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळे 'कोण कसं राहायचं' यावर बोलताहेत आणि माईंनी विचारलंय 'का'. माझ्या मते 'का'चं उत्तर सापात आहे.

गुजरातमध्ये खेडा भागात ढोली डुंगरी म्हणून गाव आहे. १९८७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना तिथे टायटॅनोसॉरचं घरटं मिळालं. नीट अभ्यास झाल्यावर कळलं की त्या दगडात अंडी आहेत, नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू आहे आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला एक सापही आहे. २०१० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव सनाजे इंडिकस. लांबी साधारण साडेतीन मीटर, पिल्लू अर्ध्या मीटरचं. या सापाचा जबडा अख्खं अंडं गिळण्याएवढा उघडत नसे. पण ताज्या पिल्लाची गोष्ट वेगळी.

मुलांना एवढंच सांगा. बाळ लहान आहे आणि साप बाहेर आहे. आता आईकडे दोन वाटा. एक, खूप अंडी घाल, नीट पुरून ठेव, काही सापडतील, काही वाचतील. दुसरी, थोडी अंडी घाल आणि जवळ बस. ज्यांनी दुसरी वाट धरली ते कुटुंबात राहतात. पहिली वाट धरणारेही चुकलेले नाहीत, कासवं अजून आहेत की!

सुमती_मावशी:

मी बालवाडीतूनच निवृत्त झालेय. दगडधोंडे म्हणतात ते तोंडी सांगून या वयात कळत नाही, हाताने करावं लागतं. चिंचोके घ्या. एका गटाला ओंजळभर द्या, ते त्यांनी वाळूत, पानांखाली, कुठेही लपवायचे आणि भिंतीपाशी जाऊन पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्या गटाला मोजून चार चिंचोके, ते मधे ठेवून भोवती गोल करून बसायचं. एक मूल साप. दहापर्यंत मोजेस्तोवर सापाने मिळतील तेवढे चिंचोके न्यायचे, बसलेल्यांनी हात लावला की साप बाद. मग दोन्हीकडचे उरलेले मोजायचे. आधी काही समजावू नका. मोजून झाल्यावर मुलांनाच विचारा काय झालं.

आणि सापाला बाद झाल्यावर टाळ्या वाजवायच्या. तोही भुकेला असतो.

अस्मिता_जो:

मावशी, साष्टांग नमस्कार. हा खेळ वाढदिवसाला घेणार.

बालवाडीतली_माई:

मंडळी, खेळ झाला! आधी खडूची रेघ ओढली. ९ मीटर वर्गात मावेना, दारातून व्हरांड्यात गेली. मुलं रेघेवर झोपून आपण कुठपर्यंत पोचतो ते बघत होती.

मग चिंचोके. सगळ्यांनाच साप व्हायचं होतं, त्यामुळे तिथे भांडण, एकाचं चावणं, मग शांतता. राखणाऱ्या गटाचे चारही वाचले, पण कंटाळून दोघं उठून गेले आणि त्या मोकळ्या जागेतून पुढच्या फेरीत सापाने एक लांबवला. एक मुलगा मात्र मधली सुट्टी झाली तरी हलेना, डबा तिथेच मागवला. लपवणाऱ्या गटाचे बरेच गेले, तरी जे उरले ते राखणाऱ्यांपेक्षा जास्त भरले! त्यावर वाद पेटला, कोण जिंकलं. काही चिंचोके तर लपवणाऱ्यांनाही परत सापडले नाहीत. शिपाईमामा म्हणताहेत, पावसाळ्यात वाळूच्या हौदात चिंच उगवली तर मी जबाबदार नाही.

शेवटी विचारलं, काही जण जवळ का बसतात? उत्तरं: "बाळाला पळता येत नाही म्हणून." "चारच आहेत म्हणून." "साप आहे म्हणून." आणि एकीचं, "थंडी वाजते म्हणून." मी काहीच शिकवलं नव्हतं हो.

एक प्रश्न मात्र अडकलाय. "डायनोसॉरला ताई होती का?" आणि "त्यांची शाळा होती का?"

क्रिटेशियस_कुलकर्णी:

दोन्हीला जवळपास 'हो' म्हणता येईल. चीनमध्ये लिआओनिंगला सिटॅकोसॉरस या डायनोसॉरच्या पिल्लांचा एक अख्खा घोळका एकत्र गाडलेला सापडला, आणि त्यांच्यासोबत चार-पाच वर्षांचं एक मोठं. तेही प्रौढ नव्हे. त्यामुळे ते आई असणं कठीण, भावंडांना सांभाळणारं असावं असा तर्क आहे.

शाळेसाठी अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातला मुसॉरस हा डायनोसॉर. १९ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा. २०२१ मध्ये शंभराहून जास्त अंडी आणि ८० सांगाडे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आतली ११ पिल्लं एका ठिकाणी, मोठे दुसरीकडे. एका वयाचे एकत्र फिरत असावेत.

शुभदा_क:

थोडक्यात, धाकट्यांना मोठ्या बहिणीच्या गळ्यात मारायची पद्धत तेव्हापासूनची. मी घरात थोरली. हा पुरावा आईला फॉरवर्ड केला आहे.

बालवाडीतली_माई:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुमतीमावशी, तुमच्याकडे अजून खेळ असतील तर वेगळा धागा काढाच. पुढच्या महिन्याचा विषय 'आपले मदतनीस', आणि आत्ताच विचारणा झालीय की टी-रेक्सला पोस्टमन होता येईल का, हात पोचतील का.

तळ्यातला_बेडूक:

साधं पत्र टाकेल. रजिस्टर असेल तर सही घेताना पंचाईत.